अख्ख्या हॉलमधला स्थिर हात

आमच्या हॉलमध्ये थोरली म्हटलं की एकच. तिची धाकटी जाऊ तिच्याच टेबलावर बसायची, म्हणून एक थोरली आणि दुसरी धाकटी. खरी नावं फक्त हजेरीपुरती. ऐकू न येणाऱ्यांच्या कानात बसवायची छोटी यंत्रं आमच्याकडे तयार होतात. भिंगाखाली बघत, तापलेलं टोक लावून, केसासारख्या तारा जोडायच्या. मी समोरच्या टेबलावर तपासणीला. चुका काढायचाच पगार घेते, तेव्हा माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात ते खोटं नाही.

थोरलीच्या कामात मात्र मला कधी खोट सापडली नाही. कोणी नवी आली की थोरली तिला शेजारी बसवून घ्यायची आणि पहिला जोड तिच्या हातावर हात ठेवून करून घ्यायची. धाकटीलाही तिनेच असं शिकवलं. थोरलीचा नवरा वारलेला, धाकटीचा पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला. घर चालायचं ते या दोघींच्या जिवावर.

मग पट्ट्या आल्या. सकाळी दारातल्या कॅमेऱ्याला तोंड दाखवायचं, आपली पट्टी सुरू करून घ्यायची आणि उजव्या मनगटाला बांधायची. हात किती हलतो, किती थांबतो, कापतो का, सगळं मोजून ती ऑफिसात पाठवायची. एका टेबलाचा ट्रे एकच, त्यामुळे कोणी किती जोड केले हेही पट्टीच ठरवायची. हात ठीक चालला तर नावापुढे हिरवा रंग, नाहीतर लाल. ज्याचा रंग लाल झाला आणि लालच राहिला, त्याचं काम बंद. सुरुवातीला हे रंग आमच्यासमोर भिंतीवर दिसायचे. बायका एकमेकींचे रंग बघत बसतात म्हणून साहेबांनी ते काढून टाकले. आपला रंग कोणता हे आपल्यालाच कळायची सोय राहिली नाही, एवढी सुधारणा झाली.

त्याच सुमारास थोरलीचा उजवा हात कापायला लागला. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. तिने चिठ्ठीसुद्धा घेतली नाही. कागद झाला की कंपनीला कळेल, ही भीती. पण घरात किती लपवणार? धाकटीने एका सकाळी कपडे बदलायच्या खोलीत थोरलीची पट्टी काढून घेतली, स्वतःच्या उजव्या मनगटाला बांधली, स्वतःची डाव्याला बांधली आणि बाह्या खाली ओढल्या. मी तिथेच होते. थोरली नको नको म्हणत होती.

"हा हात तुम्हीच घडवलाय, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "थोडे दिवस तुमच्या नावावर चालू दे."

तेव्हापासून धाकटी दोघींचे जोड करायची आणि थोरली तारा कापून द्यायची, ट्रे लावायची. दोघींनी हिशेब केला तो असा, की डाव्या हाताने तुकडा नुसता दाबून धरायचा असतो, तो शांत असतो, म्हणजे तोही हिरवाच दिसेल. मलाही ते पटलं होतं. शांत हाताला कोणी वाईट म्हणेल असं आम्हाला कसं वाटावं? पण पट्ट्यांचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्राच्या लेखी न हलणारा हात म्हणजे रिकामा हात. धाकटीच्या मोबाईलवर निरोप आला: कामाच्या वेळेत हात निष्क्रिय, सेवा समाप्त. दोन माणसांचं काम करणारीला आळशी म्हणून काढलं. दारातल्या कॅमेऱ्यालाही तिची ओळख राहिली नाही.

थोरली ऑफिसात गेली. साक्षीला मी. तिथली मॅडम तरुण, स्वभावाने चांगली. थोरलीने काही हातचं राखून न ठेवता सगळं सांगून टाकलं आणि धाकटीला परत घ्या, मला काढा, म्हणाली. मीही डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं. मॅडमने स्क्रीन आमच्याकडे वळवली. थोरलीच्या नावापुढे, कंपाच्या रकान्यात, एक सरळ रेष होती.

"मावशी, अख्ख्या हॉलमध्ये तुमच्याइतका स्थिर हात कोणाचा नाही."

थोरलीने हात पुढे केला. तो कापत होता. मॅडम म्हणाली, घाबरलात तुम्ही, पाणी घ्या. दुसऱ्या दिवशी थोरली डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आली, तर तिच्यावरची तारीख धाकटीला काढल्यानंतरची. शेवटी मॅडम टेबलापाशी आली, म्हणाली, करून दाखवा. थोरलीने भिंगाखाली तार धरली. टोक घसरलं, बोट भाजलं, तुकडा वाया गेला. दुसराही गेला. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी मुद्दाम सांगते.

"जावेसाठी तुम्ही मुद्दाम चुकताय," ती म्हणाली. "तुमचं मन मोठं आहे, पण असं नका करू."

मला संताप आला. हातभर अंतरावर माणूस कापतंय, आणि ही बाई कालच्या रेषेवर विश्वास ठेवते.

थोरलीने मग एकच आशा धरली. पट्टी आता तिच्या स्वतःच्या हातावर होती. यंत्र खोटं बोलत नाही म्हणतात ना, मग आता कंप दिसेलच. दिसला की आधीचा हात कोणाचा होता हेही कळेल. लोक लाल रंगाला भितात, ही त्याची वाट बघत बसली. जोड बिघडले की माझ्याकडे पाठवायची आणि मी नापास म्हटलं की तिला बरं वाटायचं. मला रडू यायचं.

आणि एका सकाळी बोलावणं आलंच. तिचा चेहरा असा खुलला की जणू बढतीच मिळणार आहे.

मी बाहेर थांबले. ती आली तेव्हा हातात काही नव्हतं, मनगटावर पट्टीही नव्हती. यंत्राने दोन गोष्टी शेजारी ठेवल्या होत्या: जावेला काढलं, आणि त्यानंतर हात बिघडला. निष्कर्ष काढला की हिने जाणूनबुजून काम बिघडवलं. हाताला आजार आहे का, असा प्रश्न त्याच्यापुढे आलाच नव्हता. मी पुन्हा आत जाऊन भांडले. मॅडम म्हणाली, तुमचं म्हणणं नोंदवून घेतलंय.

थोरलीला दारापर्यंत सोडायला गेले. तिथे गजांपलीकडे धाकटी उभी होती, कामाचा एप्रन घालून, केस टोपीत कोंबून. बोलावणं आल्या आल्या थोरलीनेच तिला फोन केला होता, तयार होऊन ये म्हणून.

"बोलावलंय ना मला?" धाकटीने विचारलं.

थोरली दाराबाहेर गेली आणि धाकटीच्या पाठीमागची एप्रनची गाठ सोडायला लागली. ती तिला सुटेना. धाकटी पाठ करून तशीच उभी राहिली.