फराओचा थोरला मुलगा

टाळी पहिली मी वाजवली. बाकीच्यांनीही वाजवली, पण त्या खोलीत ज्याला सगळं माहीत होतं असा मी एकटाच होतो.

नव्वदच्या दशकात शारजात, रोल्ला चौकाजवळच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही वसईकडचे सहाजण राहत होतो. गुड फ्रायडेला चर्चहून आलो की पेज-लोणचं खायचं आणि व्हिडिओवर मोझेस आणि इजिप्तचा राजा फराओ यांचा जुना इंग्रजी सिनेमा लावायचा, हा दरवर्षीचा नेम. फराओवर संकट आलं की टाळ्या. लहानपणी चर्चच्या पटांगणात वाजवायचो तशाच.

त्या वर्षी मी आमच्या कंपनीतल्या इजिप्शियन स्टोअरकीपरना बोलावलं. तेही ख्रिस्ती, वयाने मोठे. त्यांच्याकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, अमक्याचे वडील म्हणून. आम्हीही तसंच म्हणायचो. तो मुलगा उपवासकाळाच्या थोडं आधी तापाने गेला होता. यांना तिकीट मिळेपर्यंत तिकडे माती झालीसुद्धा. हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. सुट्टीच्या दिवशी एकटे बसू नयेत, म्हणून तर बोलावलं. आणि दारात त्याच नावाने हाक मारून मी त्यांना आत घेतलं.

"आओ आओ, आज तुमच्या राजाची खैर नाही," आमच्यातल्या एकाने हिंदीत चिडवलं.

ते हसले. "हबीबी, सिनेमा खोटा. लोक ज्याला तो फराओ समजतात, त्याला मी कैरोच्या म्युझियममध्ये पाहिलंय. सुकून एवढासा झालाय. दात किडलेले. समुद्रात कुठे बुडाला नाही, म्हातारा होऊन मेला."

"म्हणजे देवाने सोडलं त्याला?"

"सोडलं कसलं? इतका जगला की स्वतःचीच किती मुलं त्याला पुरावी लागली."

मला तेव्हाच टीव्ही बंद करता आला असता. मी पेज वाढत राहिलो. पुढे मीही सिनेमात रंगलो. फराओचा थोरला मुलगा मेला, आणि माझे हात सवयीने वाजले. "खलास! जिरली," असं मी ओरडलोसुद्धा.

ते उठले. स्वयंपाकघरात जाऊन आपला वाडगा धुतला, पालथा घातला. "शुक्रन. जेवण चांगलं होतं," म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

"काय झालं रे याला? राजाचा मुलगा मेला म्हणून रुसला काय?" कोणीतरी विचारलं. मी तेव्हाही सांगितलं नाही.

नंतर त्यांच्या स्टोअरच्या खिडकीवर मी सामानाचे कागद दुसऱ्याच्या हातून पाठवू लागलो. त्यांना मराठी कुठे कळतं, अशी मनाची समजूत घालत होतो. टाळीला भाषा लागत नाही हे मला कळत होतं. दुपारचा चहा ते माझ्यासाठी थांबून घ्यायचे, तो आता एकटेच घेऊ लागले.

वर्ष सरता सरता ते नोकरी सोडून कायमचे निघाल्याचं कळलं. एका शुक्रवारी सकाळी मी शेजारच्या अजमानला त्यांच्या खोलीवर गेलो. ते खोक्याला दोरी बांधत होते. मला बघून त्यांनी दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. गाठ बसेपर्यंत मी ते ताणून धरलं.

मग म्हणालो, "त्या दिवशी मी टाळी वाजवली. तुमचा मुलगा गेलाय हे माहीत असून वाजवली. आणि त्यानंतर तुमच्यासमोर यायचं टाळलं, तो त्याहून मोठा गुन्हा. माझं चुकलं. मला माफ करा."