रिकामा कॅमेरा

कपाट उघडलं की कॅमेऱ्याच्या चामडी कव्हराचा वास येतो आणि जळकोटजवळची ती कोरडी विहीर आठवते. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, दुष्काळ होता आणि माझा पहिला भारी कॅमेरा अगदी नवा होता.

विहिरीपाशी एक म्हातारे आप्पा म्हणाले, "माजा बी एक काढा की." रोल संपून माझ्या खिशात गेला होता. सोबतच्या आपल्या मुलीच्या हाती काठी देऊन, पटका सारखा करून ते उभे राहिले. मी रिकाम्या कॅमेऱ्याचा खटका दाबला. तेव्हा मला तो माझा चांगुलपणा वाटला.

महिन्याने ती मुलगी माझा पत्ता शोधत आली. "आप्पा गेले. भिंतीला लावायला फोटू पायजे, दुसरा न्हाई."

"तो फोटो हलला," मी म्हणालो.

ती हळूच म्हणाली, "आप्पानं तर पापणीबी हलवली न्हवती."