सरळ रेघांची टायरं

धुळ्याच्या शाळेतून मुलाखतीचं पत्र आलं, तेव्हापासून मला एका जागी बसवत नव्हतं. एकटीने एसटीने जायला घरून परवानगी नव्हती. माझा थोरला भाऊ बियाण्यांच्या विक्रीसाठी साक्री, दोंडाईच्यापर्यंत मोटारसायकलने फिरायचा. तो नेणार होता. पण गाडीची टायरं पार झिजलेली. नवी घातल्याशिवाय मागे बसवणार नाही, असं दादाने बजावलं. गाडीचं माहितीपुस्तक इंग्रजीत होतं, म्हणून मुलाखतीच्या आदल्या दिवशी तो मलाही जळगावच्या टायरवाल्या चाचांकडे घेऊन गेला.

चाचांकडे दोन प्रकार होते. एकावर सरळ लांब रेघा, दुसऱ्यावर जाड ठोकळे. मी हळू आवाजात वाचलं: लांबच्या प्रवासाला रेघांचं टायर उत्तम. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बेटी, उस किताब में रास्ता कितना चौडा लिखा है?"

दादा हसला. लिहिणाऱ्यांनी विचार केलाच असेल, म्हणाला.

मला हसू आलं नाही. एसटीच्या खिडकीतून मी तो रस्ता कितीदा पाहिला होता. डांबर एका गाडीपुरतं. समोरून ट्रक आला की मोटारसायकलवाल्याने मुकाट्याने काळ्या मातीत उतरायचं. तिथे पकड धरणार ते ठोकळेच. पुस्तकातल्या रस्त्यावर कोणी खाली उतरत नव्हतं. पण घरात माझी किंमत इंग्रजी वाचण्यापुरती. मग पुस्तकातलंच खोडायचं कसं? "हेच ना?" दादाने विचारलं. मी होकाराची मान हलवली आणि गाडीला रेघांची टायरं बसली. रात्रभर कूस बदलत राहिले.

सकाळी पारोळा मागे पडलं आणि ट्रक आला. शेताचं पाणी फुटून कडेची माती ओली झाली होती. खाली उतरताच मागचं चाक घसरलं आणि आम्ही दोघं आडवे. लागलं नाही, पण माझी साडी एका बाजूने चिखलाने भरली.

"चल, परत जाऊ," दादा म्हणाला. "गाडी बंद पडली म्हणून सांगू."

"चाचांचं बरोबर होतं. मला कालच कळत होतं," मी म्हणाले. "पुढे चल."

दादाने गाडी उचलून उभी केली. "वर्गात पण अशीच गप्प बसणार का?"

पुढे लांबून ट्रक दिसला की मी त्याच्या खांद्यावर थाप मारायचे. तो थांबायचा, मी उतरायचे, तो गाडी ढकलत कडेला घ्यायचा. प्रत्येक थांब्याला मी घड्याळ बघायचे.

पोचले तेव्हा शेवटची उमेदवार आत होती. उशीर का झाला, असं मुख्याध्यापिकेने साडीकडे बघत विचारलं. बंद पडलेली गाडी अगदी ओठावर होती. मी टायरांचं सांगितलं, माझ्या गप्प बसण्यासकट.

जूनपासून मी तिथे शिकवायला लागले. धुळ्याला एसटीने गेले, एकटी. दादाने मात्र मुलाखतीच्याच आठवड्यात टायरं बदलून ठोकळ्यांची घातली. चाचांकडे जाताना पुस्तक घरीच ठेवलं.