दिव्याचं टोपरं

साहेब गाडीत नसतील तर टपावरचा दिवा काळ्या कापडाने झाकलेला असावा, असं नियमात होतं. बाकीचे अधिकारी ते कापड डिकीत फेकून देत. मी बढतीवर जयपूरला आलो, गाडीवर पिवळा दिवा चढला, आणि त्याच संध्याकाळी मी बायकोला काळं कापड आणून दिलं. तिने दिव्याचं माप घेतलं, कडेला इलॅस्टिक घातलं आणि मुठीवर चढवून बघत म्हणाली, "अहो, हे तर टोपरं झालं." आम्हाला मूल नव्हतं. आमच्या घरात शिवलेलं हे पहिलंच टोपरं. ती हसली म्हणून मीही हसलो.

आमचा दिवा लुकलुकणारा नव्हता. लुकलुकणारे फार वरच्यांचे, आमच्या पायरीला नुसता पेटून राहणारा. तिला याची फार गंमत वाटे. "डोळे वटारून बसतो आणि पापणी लवत नाही, अगदी तुमच्यासारखा," म्हणायची. कुठे समारंभ असला की गाडी आधी तिला घरून घेई, मग मला कार्यालयातून. तेवढ्या रस्त्यावरही टोपरं चढलेलं पाहिजे, असा माझा हुकूम. शेजारच्या बंगल्यांतल्या मॅडम उघड्या दिव्याने फिरत आणि माझी बायको झाकलेल्या. तिने कधी तक्रार केली नाही.

एकदा बायको बरोबर असताना टोंक रोडवर एका अँब्युलन्सने निळा दिवा फिरवत, भोंगा वाजवत आम्हाला बाजूला व्हायला लावलं. पुढच्या चौकात पाहतो तर ती कचोरीच्या दुकानापुढे उभी. मी गाडी थांबवून खाली उतरलो. "मरीज कहाँ है? नहीं है ना? तो बत्ती किसके लिए चालू थी?" त्या ड्रायव्हरने हातातला द्रोण खाली ठेवून हात जोडले.  घरी आल्यावर बायको म्हणाली, "भूक लागली असेल हो त्याला." मी म्हटलं, "पेशंट नाही तर दिवा नाही. साधी गोष्ट आहे."

मग २०१७ साली सगळ्यांचेच दिवे गेले. अँब्युलन्स, अग्निशमन अशा तातडीच्या गाड्या सोडून कुणाच्याही गाडीवर दिवा नको, असा नियम झाला आणि तो लागू झाला नेमका एक मे रोजी. त्या दिवशी इथल्या मराठी मंडळींचा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम असे आणि प्रमुख पाहुणा ठरलेला, मी. सकाळी ड्रायव्हरने दिवा काढला, टपावरची भोकं लांबी भरून बुजवली. मी भाषण केलं, शालही घेतली. पुढच्या वर्षी पाहुणा दुसराच होता.

निवृत्त झालो तेव्हा बायको म्हणाली, "आता सांगलीला जाऊया." तिथे तिची धाकटी बहीण असते. मी म्हटलं, "अगं, इथे आपल्याला सगळे ओळखतात." आणि जयपुरातच, झालान्याच्या बाजूला फ्लॅट घेतला. पहिल्याच दिवाळीला कळून चुकलं. मिठाईचे दोन डबे आले, त्यातला एक वॉचमनने चुकून आमच्याकडे दिलेला. लोक दिव्याला सलाम करत होते, मला नव्हे. पण हे कबूल करायचं म्हणजे मान खाली घालून सांगलीला जायचं, आणि ते माझ्याच्याने होईना. दर मे महिन्यात ती विचारायची, "यंदा जायचं का?" मी म्हणायचो, "बघू." नंतर तिने विचारणं सोडलं. दुपारी बहिणीला फोन करायची आणि उरलेलं मराठी माझ्याशी बोलायची. खाली बाकावर बसणाऱ्या बायकांत तिची हिंदी 'हाँ जी'च्या पुढे कधी गेली नाही. मला हे दिसत होतं. मी पेपर वाचत बसायचो.

गेल्या फेब्रुवारीत, सकाळी अकराच्या सुमाराला, तिच्या छातीत दुखायला लागलं. अँब्युलन्स लवकर आली. स्ट्रेचर आत सरकवताना तिने टपाकडे पाहिलं आणि धाप लागलेली असतानाही म्हणाली, "बघा, लुकलुकणारा मिळाला की मला."

बरोबरच्या कंपाउंडरने विचारलं, "अंकल, पीछे बैठोगे या आगे?"

मी पुढे बसलो. कुणीतरी रस्ता मोकळा करायला हवा, असं मला वाटलं. खिडकीतून हात बाहेर काढून मी "हटो, हटो" ओरडत होतो. आणि माणसं खरंच हटत होती. रिक्षा, बस, मोठाल्या गाड्या, सगळं बाजूला होत होतं. लिहायला लाज वाटते, पण क्षणभर मला बरं वाटलं. किती वर्षांनी माझ्यासाठी रस्ता होत होता.

मागून काचेवर टकटक झाली. ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि हात लांब करून एक बटण दाबलं, मग दुसरं. भोंगा थांबला. पुढच्या बसच्या काचेवर आमचा निळा उजेड येत-जात होता, तोही गेला.

"बत्ती क्यों बंद की? चालू करो," मी त्याच्यावर ओरडलो.

त्याने गाडीचा वेग तेवढा कमी केला. नियम तर मला पाठच होता.

आमच्यापुढे एक स्कूटर घुसली, तिच्यामागे ई-रिक्षा. सिग्नल लाल झाला आणि आम्ही सगळ्यांसारखे उभे राहिलो. मी उतरून मागे गेलो. कंपाउंडर सरकून बसला. तिचा हात अजून गरम होता. थोड्या वेळाने तो पोरगेला माणूस खाली बघत म्हणाला, "आंटी काफी देर कुछ बोल रही थीं. अपनी भाषा में. मैं समझा नहीं."

मेहुणी अजून सांगलीहून फोन करते. आता तरी या, म्हणते. आणि दर वेळी विचारते, शेवटी ताई काही बोलली का? मी सांगतो, नाही, काही बोलली नाही. त्या गाडीत मराठी कळणारा एकच माणूस होता आणि तो पुढे बसला होता, हे तिला कसं सांगू?