भट्टीवाल्याची बाग

बाग-आखणीच्या अभ्यासक्रमाला जायचं होतं ते भट्टीवाल्याला. बायकोने अर्ज भरला तो निव्वळ सोबत म्हणून.

बेकरीत त्याची उमर गेली होती. दुपारी दुकान शांत झालं की तो पाव गुंडाळायच्या कागदावर बागा काढत बसायचा. इथे चढ, इथे पायवाट, इथे सावलीचं झाड. शहरात प्रशिक्षण सुरू होतंय, वयाची अट नाही, हे कळल्यावर त्याचे पाय जमिनीवर ठरेनात. प्रवेशपरीक्षा दोघांनी दिली, दोघंही पास झाले. मग आली डॉक्टरांची तपासणी.

"पिठाने छाती आधीच धरलीय तुमची," डॉक्टर म्हणाले. "गवताची धूळ, औषधांची फवारणी... नाही झेपायचं."

घरी परतताना बायको म्हणाली, "तुम्ही नाही तर मी तरी कशाला जाऊ?"

"खुळी की काय! एकाचं तरी होऊ दे."

ती जायला लागली. संध्याकाळी ती दारात पाऊल टाकते न टाकते तोच तो विचारायचा, "आज काय शिकवलं?" पाण्याचा उतार कसा ओळखायचा, हिरवळीला फुटवा कसा येतो, रोपाची मुळं मोकळी कशी करायची, सगळं त्याला हवं असायचं. ती हसून म्हणायची, "परीक्षेला यंदा तुम्हीच बसा!" पण एकदा ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "अहो, आज नको. अंग मोडून आलंय." त्याने चहा टाकला. तिच्या नखांतली माती तो चोरून बघत राहिला.

अभ्यासक्रमातल्या शेवटच्या कामासाठी तिला इस्पितळाच्या मागचं अंगण मिळालं. त्याने हौसेने आराखडा काढून दिला: भिंतीलगत गुलाब, मधोमध बाक. तिने तो नीट पाहिला.

"तिथे ऊनच पोचत नाही हो. गुलाब टिकायचे नाहीत."

बोलणं साधंच होतं, पण त्याच्या जिव्हारी लागलं. चूक काढली म्हणून नव्हे. ती जिथे पोचली होती तिथे आता तिला त्याला हाताला धरूनही नेता आलं नसतं.

तिने तिथे सावलीत तगणारी, झालरीसारख्या पानांची नेची लावली, बाक उन्हाच्या कोपऱ्यात सरकवला. काम पसंत पडलं आणि इस्पितळाने तिलाच बागेच्या देखभालीला ठेवून घेतलं. बेकरीत भट्टीवाला गिऱ्हाइकांना पाव देता देता सांगायचा, "आमच्या हिची बाग बघा एकदा जाऊन." स्वतः मात्र जायचं टाळत राहिला.

अखेर एका सुट्टीला ती त्याला ओढूनच घेऊन गेली. बाकावर एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून ऊन खात होते. तिने भट्टीवाल्याच्या हातात कात्री दिली. "वाळलेली पानं तेवढी काढा. धूळ नाही उडत त्यात."

तो गुडघ्यांवर बसला. एकेक पान बेतानेच कापत, जितकं लांबवता येईल तितकं लांबवत राहिला. वाफा संपला.

"झालं का?" तिने विचारलं.

"थांब जरा," तो म्हणाला, आणि ज्या नेच्याला काहीच झालं नव्हतं त्याची पानं पुन्हा उलटून पाहू लागला.