घाटात आक्काचा हात सुटला

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नवऱ्याचा मार वर्षानुवर्षं खाऊन ती एक दिवस सेलूला माहेरी निघून आली, तेव्हाही तिचा आवाज चढला नव्हता. देवगाव फाट्याच्या पलीकडं एका शाळेत ती शिकवते. बसची वाट बघून बेजार झाली, तेव्हा भावाची जुनी मोटारसायकल चालवायला शिकली आणि मग तिला गाडीचं वेडच लागलं. एका उन्हाळ्यात म्हणाली, "मला डोंगर बघायचाय. आपल्याकडचं टेकाड न्हाई, खरा डोंगर."

सुट्टी लागल्यावर आम्ही दोघी हिमाचलात गेलो आणि मोटारसायकली भाड्यानं घेतल्या.

घाट चढता चढता देवदार मागं पडले, मग झाडंच संपली. मागं टाकलेला रस्ता खाली वळणावळणांनी पसरलेला दिसायचा आणि त्यावरून आपण आलोय हे खरं वाटायचं नाही. हवा विरळ झाल्यावर गाडी कण्हायला लागली. दोन्ही बाजूंना धुरानं काळवंडलेला बर्फ भिंतीसारखा उभा होता. एका वळणावर आक्का थांबली, हेल्मेटची काच वर केली आणि पोरीसारखी हसली.

"हे बघ की गं! जिनिंगमधल्या कापसाच्या गंज्या दिसायल्यात."

तिला असं हसताना मी कधी पाहिलंय, ते आठवत बसले.

खिंड थोड्याच अंतरावर राहिली होती, तेवढ्यात गाड्यांची रांग लागली. पुढं दरड कोसळली होती आणि जेसीबी दगड हटवत होता. लोक हॉर्न वाजवून एकमेकांवर खेकसत होते. आमच्या समोरच एका म्हाताऱ्याची टॅक्सी एका मोठ्या गाडीला घासली. त्या गाडीतून दोन तरुण उतरले. एकानं म्हाताऱ्याला गळपट्टी धरून बाहेर ओढलं आणि तोंडावर बुक्की मारली. म्हातारा खाली पडला. मग दोघांनी लाथा घालायला सुरुवात केली. पोटात बसणाऱ्या बुटाचा आवाज मला हेल्मेटमधूनही ऐकू येत होता. आसपासची माणसं काचा वर करून बघत होती. मीही बघत होते.

आक्कानं गाडी स्टँडवर लावली.

"सोड त्याला," ती मराठीतच म्हणाली. मग हिंदीत, "छोडो उनको."

बुक्की मारणाऱ्या तरुणानं मान न वळवताच तिला ढकललं. ती चिखल झालेल्या बर्फात उताणी पडली. त्याचा साथीदार हसला.

आक्का उठली. हेल्मेटचा पट्टा सोडला, तोच पट्टा मुठीत धरला आणि हेल्मेट फिरवून ढकलणाऱ्याच्या तोंडावर हाणलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज झाला. तो गुडघ्यावर आला, तिनं पुन्हा हाणलं. त्यानं डोकं हातांनी झाकलं, तर ती हातांवर मारायला लागली. बर्फावर रक्त उडत होतं. साथीदार मागं सरत सरत गाडीच्या आड गेला. मी धावत जाऊन आक्काला मागून मिठी मारली, तर तिचं कोपर माझ्या तोंडावर बसलं. ओठ फाटला. कुणाला लागलं, हेही तिला कळलं नाही. सगळ्यात भीती वाटली ती तिच्या चेहऱ्याची. राग नव्हताच त्यावर. धुणं आपटणाऱ्या बाईसारखी ती शांत होती.

शेवटी मार खाल्लेला म्हाताराच उठला आणि त्यानं तिचं मनगट धरलं.

"बस, बेटी. मर जाएगा वो."

हेल्मेट तिच्या हातातून गळून पडलं.

पुढचं सगळं खाली पोलीस चौकीत झालं. त्या पोरांना आक्काविरुद्ध तक्रार द्यायची होती. पण म्हाताऱ्यासोबत आणखी चार टॅक्सीवाले येऊन उभे राहिले आणि सुरुवात कुणी केली ते त्यांनी सांगितलं. मग पोरं गप्प झाली आणि प्रकरण आपसात मिटलं. टॅक्सीवाले आक्काच्या पाया पडायला लागले, तशी ती पाय मागं घेत बाहेर निघून गेली.

खोलीवर आल्यावर ती माझ्या ओठाला बर्फ लावत होती. मी म्हणाले, "बरं केलंस. त्यांना अद्दल घडायलाच पाहिजे होती."

"गप बस. म्हाताऱ्यासाठी पहिली मारली मी. पुढच्या कुणासाठी मारल्या, मला ठावं न्हाई. लय बरं वाटायलं होतं गं मला. थांबूच वाटंना." मग तिनं विचारलं, "त्याला बी असंच बरं वाटत असंल का, मला मारताना?"

नवऱ्याबद्दल ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

दुसऱ्या दिवशी ती त्या पोराला बघायला हट्टानं दवाखान्यात गेली. मीही गेले. पोरगा नाकावर पट्ट्या बांधून पडला होता. जवळून पाहिलं तर अगदीच कोवळा. त्याचे ओठ कोरडे पडलेले बघून आक्कानं पाण्याचा पेला द्यायला हात पुढं केला. त्यानं डोळे गच्च मिटले आणि खांदे कानापर्यंत नेऊन अंग चोरलं.

आक्काचा हात तिथंच थांबला. तिनं पेला हळूच त्याच्या उशाशी ठेवला आणि दोन पावलं मागं सरकली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तुझं बी चुकलं. पण माझं चुकलं."

ती मराठीत बोलत होती. त्याला किती कळलं, कुणास ठाऊक. त्यानं डोळे उघडले, पण पेल्याला हात लावला नाही.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता ही घरी चल म्हणेल. आक्कानं गाडीला किक मारली आणि घाटाकडं वळवली. दरड हटवलेली होती. ज्या जागी मारामारी झाली, तिथं गाड्यांच्या चाकांनी सगळा चिखल केला होता. ती तिथं थांबली नाही. खिंडीत पोचलो, तेव्हा वारा असा होता की गाडी धरून उभं राहावं लागलं. पलीकडं उघडेबोडके, तांबूस डोंगर थेट आभाळापर्यंत गेलेले. आक्का रस्त्याकडेच्या दगडावर बसली आणि मोठ्यानं रडली. आजूबाजूला माणसं फोटो काढत होती. तिनं कुणाची पर्वा केली नाही. मी तिच्या शेजारी बसून राहिले. रडणं ओसरल्यावर तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चल. पलीकडं उतरू."