मोडक्या अंगठ्यानं दाबलेले आठ आकडे

भुताखेताचं मी कवाच मानलं न्हाई. तुमच्या ह्या ग्रुपवरचे अनुभव सून मला वाचून दावायची, तवा मी म्हनायचो, "ह्या लोकांना कामधंदा न्हाई गं." आता माझ्यावरच लिवायची पाळी आली. माझी शाळा चौथीपर्यंत. डाव्या हातानं वहीत लिवलंय, सुनेनं मोबाईलवर टाकलंय. "आबा, जरा शुद्ध करते" म्हनाली, मी करू दिलं न्हाई. झालं तसं लिवलंय... पटलं तर बघा.

आमचं गाव विट्याच्या पलीकडं, जिल्हा सांगली. धंदा गलाईचा, म्हंजे सोन्याचांदीच्या जुन्या दागिन्यांची मोड आटवायची आन शुद्ध करून सराफाला द्यायची. चाळीस वर्सं मी तमिळनाडूत भट्टीफुडं काढली. पोरगा उत्तम बी त्यातच. म्हातारपनी मी गावाकडं आलो, तरी घराम्होरल्या खोलीत एक ल्हान भट्टी, ऐरन आन सांडश्या ठेवल्यात. हाताला काम लागतं.

उत्तमनं चार-पाच वर्सांत धंद्यातलं शिल्लक टाकून बिटकॉइन का काय ते घेतलं हुतं. मला दावलं तर काडेपेटीएवढं यंत्र! एक बारकी काच, दोन बटनं. म्या म्हनलं, "यात पैसं हाय?"

"आबा, पैसं न्हाई, किल्ली हाय. आकडे दाबले की उघडतं. तीनदा चुकलं की आतलं सगळं पुसून जातं."

"मग?"

"मग ते परत मिळवायला चोवीस इंग्रजी शब्द लागतात. ते कागदावर न्हाई, मोबाईलमदी न्हाई, कुनाला सांगायचं बी न्हाई. म्या ठोकून ठेवल्यात."

कशावर ठोकल्यात ते म्या इचारलं न्हाई. हितंच माझी चूक.

गेल्या साली पुन्याहून येताना साताऱ्याच्या अलीकडं ट्रकनं उत्तमला उडवलं. जागेवर गेला. आमच्या घरची रीत हाय — गलाईवाला गेला की त्याच्या गल्ल्यातली सगळी मोड एकत्र आटवायची आन एक लगड करून बायकोच्या हातात द्यायची. त्यानं कमावलेलं शेवटचं तिच्याकडं जावं म्हनून. तेराव्याला म्या भट्टी पेटवली. गल्ल्यात चांदीची एक पट्टी निघाली, तिच्यावर इंग्रजी अक्षरं ठोकलेली. मला वाटलं, गिऱ्हाइकाचं नाव असंल.

सुवर्णा, माझी सून, दारातनं वरडली, "आबा, ती पट्टी ऱ्हाऊ द्या! त्यांनी कायतरी महत्त्वाचं ठोकलंय, कुनाला तरी दावूया."

म्या म्हनलं, "रीत ती रीत. बाईमानसानं भट्टीत नाक खुपसू नये."

टाकली मुशीत. चोवीस शब्द माझ्या डोळ्यांम्होरं पानी झालं.

ते उत्तमचेच शब्द हुते, हे नंतर समजलं. सुवर्णानं लग्नाची तारीख दाबून बघितली, चुकली. नातीची जन्मतारीख... चुकली. एकच डाव ऱ्हायला. तिनं यंत्र कपाटात ठिवून कुलूप घातलं.

आता खरं ऐका. बाजाराचा दिवस, दुपारी बारा-साडेबारा. आळीत चिटपाखरू न्हाई. मी भट्टीच्या खोलीत, सुवर्णा चहा घिऊन आलेली. दोघं आत घुसले. एक दिलप्या, फलटनकडचा, उत्तमचा जुना भागीदार, हातात लोखंडी गज. दुसरा अनोळखी, त्याच्याकडं कोयता. दार आतनं लावलं.

"म्हाताऱ्या, उत्तमचं यंत्र काढ."

"तुझ्या बापानं ठेवलंय व्हय रं हितं?" म्हनलं आन हाताशी असलेली सांडशी कोयतेवाल्याच्या जबड्यावर हानली. दात पडल्याचा आवाज म्या ऐकला. बरं वाटलं... खोटं कशाला बोलू! तेवढ्यात दिलप्याचा गज माझ्या डोक्यात बसला. खाली पडलो. त्यानं माझा उजवा हात ऐरनीवर धरला आन गज हानला. एकदा. दोनदा. अंगठा उलट्या बाजूला वळला. मी वरडलो न्हाई. पर डोळ्यांम्होरं काळं आलं.

सुवर्णानंच कपाट उघडून यंत्र आनून दिलं. "घ्या! पन आबांना सोडा."

"आकडा सांग."

"मला ठाव न्हाई ओ. आईशपथ न्हाई."

दिलप्यानं तिचा डावा हात ऐरनीवर दाबून धरला. कोयतेवाला तोंडातलं रगत थुकत म्होरं आला. "बोटागनिक एक आकडा सांगशील बग," म्हनला आन कोयत्याची धार तिच्या करंगळीवर टेकवली. कातडी फाटली. रगताची रेघ ऐरनीवरनं खाली आली.

पट्टी म्या आटवली नसती तर शब्द देऊन तिला सोडवलं असतं. दुसरं काय सुचंना. म्या म्हनलं, "मला ठाव हाय आकडा. हात सोड तिचा."

दिलप्या हसला. "तुला धड सही करता येत न्हाई, म्हाताऱ्या."

"पोरानं बापाला सांगितलाय. बायकोला कशाला सांगंल?"

ते त्याला पटलं. यंत्र माझ्या उजव्या हातात दिलं. डावा हात कोयतेवाल्यानं पाठीमागं पिळून धरलेला. दिलप्या सुवर्णाच्या केसाला धरून म्हनला, "चुकलास तर हिची मान."

मला आकडा ठाव नव्हता. देवाशपथ, पोराशपथ. कवा बघितला न्हाई, ऐकला न्हाई. नुसतं टायम काढायला यंत्र हातात घेतलं.

आन अंगठा सरळ झाला.

मोडलेला, उलटा वळल्याला, सुजून काळा पडल्याला अंगठा. दुखायचा एकदम थांबला. उजवं बटन दाबाय लागला. एका बटनानं आकडा वाढतो, दुसऱ्यानं कमी हुतो, दोन्ही संगं दाबली की पक्का. हे सुदिक मला कुनी शिकवलं नव्हतं. सरावाच्या मानसासारखं अंगठा आन बोट मिळून दाबत हुती. मी थांबवायला बघितलं... थांबलं न्हाई. हात माझा, पर दाबत मी नव्हतो. आठ आकडे झालं. काच उजळली.

यंत्र उघडलं.

दिलप्यानं वायर लावून मोबाईलवर बघितलं. तोंड उतरलं. "एवढंच व्हय? उत्त्या तर लय फुशारकी मारत हुता!" होतं तेवढं वळतं करून घेतलं, यंत्र राखंत फेकलं, जाताना माझ्या बरगडीत लाथ घातली. त्याच टायमाला माझा अंगठा परत उलटा झाला आन दुखनं असं आलं की मी जनावरागत वरडलो. बाजारातनं परतल्याले शेजारपाजारचे तवा आले.

पोलिसात दिलंय. दोघं सापडले, केस चालू हाय.

सांगलीच्या हाडाच्या डॉक्टरनं फोटो काढला. अंगठ्याचं हाड दोन जागी मोडल्यालं, शिर तुटल्याली. म्या इचारलं, "ह्या अंगठ्यानं बटन दाबता येतं का?" डॉक्टर म्हनले, "आजोबा, हा अंगठा तसूभर बी हलनार न्हाई." सुवर्णा माझ्याकडं बघत बसली. तिनं बघितलं हुतं.

म्होरलं ऐका. सांगलीत कॉम्पुटरचं काम करनाऱ्या एक बाई हायत. त्यांनी सांगितलं — यंत्र एकच, पर त्याला दोन आकडे ठेवता येतात. एकानं खरा गल्ला उघडतो. दुसऱ्यानं बारका, चोराला दावायचा. उत्तमनं तसंच केल्यालं. सुवर्णाच्या मोबाईलवर खरा गल्ला नुसता बघता येतो, काढता येत न्हाई. तो तिथं जसाच्या तसा हाय. मी दाबला तो चोराचा आकडा. खरा दाबला असता तर त्यांनी सगळं नेलं असतं, आन चुकला असता तर सुवर्णा गेली असती. तेवढाच एक आकडा त्या दुपारी चालन्यासारखा हुता. दाबताना काचेवर म्या बघितला, तो कोनच्या तारखेचा न्हाई, गाडीचा न्हाई, फोनचा न्हाई. बाई म्हनल्या, अंदाजानं लागायचा म्हनला तर कोट्यवधीत एकदा.

आन आकडा बरोबर पडल्यामुळं आदीच्या दोन चुका बी पुसल्या. आता परत तीन डाव हायत.

सुवर्णा नवऱ्याबद्दल म्हनती, "आबा, त्यांना वाटंल तवा ते उघडतील. घाई न्हाई." म्या तिला झापलं, असलं काय माझ्या घरात बोलायचं न्हाई म्हनून. तिच्या करंगळीवर टाक्याचा वण हाय, पर दाही बोटं जाग्यावर हायत.

पलास्तर निघालं. अंगठा वाकत न्हाई, लाकडासारखा झालाय. परवा सुवर्णा शेताकडं गेली तवा म्या यंत्र काढलं. अंगठा बटनावर ठेवला आन बसलो. जल्मात कुनाम्होरं हात पसरला न्हाई म्या. तरी म्हनलं, "उत्तम, पट्टी म्या आटवली रं. चुकलं माझं."

चहा गार झाला. अंगठा हलला न्हाई.

त्या दुपारी तो कसा हलला, मला ठाव न्हाई. कुनाला ठाव असंल तर खाली लिवा. फक्त आदी डॉक्टरनं काढल्याला फोटो बघा, संगं टाकलाय... आन मग बोला.